गोळी कुठवर पोचते?

या वेळच्या टपालात मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या गोळ्यांबद्दलच सगळ्यात जास्त पत्रं आली. सोलापुरातून असे प्रश्न यावेत याचं मला नवल नाही. आपली पोरं टेक्सासपासून जोहान्सबर्गपर्यंत पांगली आहेत आणि तिकडे परवाना काढून शिकार करता येते. इकडे येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा नुसत्या प्रयत्नालाही शिकारच मानतो. नान्नजच्या माळावर काळवीट बघायला जा, दुर्बीण घेऊन जा, बंदूक घरी ठेवा. हे एकदाच सांगितलं, पुन्हा सांगणार नाही. मी लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, आता सात रस्त्याजवळ परवानाधारकांच्या बंदुका दुरुस्त करतो. उत्तरं त्या खुर्चीत बसून दिलेली आहेत.

प्रश्न : काका, माझे धाकटे दीर जोहान्सबर्गला असतात. पुढच्या हंगामात ते नामिबियात कुडू, एलंड (दोन्ही तिकडची मोठी हरणं) आणि केप बफेलोच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या रानरेड्याच्या शिकारीला जाणार आहेत. .३७५ची रायफल घेतली, पण दुकानदाराने गोळ्यांचे चार प्रकार समोर ठेवले आणि ते गोंधळले. मला फोनवर म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या मासिकातल्या काकांना विचारा.’ म्हणून विचारते. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, भावजींना सांगा की रायफल अगदी योग्य घेतलीय. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२मध्ये .३७५ मॅग्नम काढली. आकडा म्हणजे इंचातलं माप, मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस. शंभरावर वर्षं झाली तरी आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांसाठी हीच किमान मानली जाते. नामिबियात तर कायद्याने ज्यूलमध्ये हिशोब ठेवलाय. स्प्रिंगबकसारख्या लहान हरणाला नळीच्या तोंडाशी किमान १,३५० ज्यूल ऊर्जा, कुडू-एलंडला २,७०० आणि बफेलोला ५,४००. .३७५मधून ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमला जरा कमी वजनाची गोळी सेकंदाला २,५०० फुटांनी निघाली तर ५,६००च्या थोडी वर ऊर्जा भरते. पण खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून कोणी सौम्य भरणीची काडतुसं गळ्यात मारली आणि वेग २,४००वर आला, तर तीच गोळी ५,२००वर येते. रायफल तीच, गोळी तीच आणि बफेलोपुरती बेकायदा. आखूड नळीतही वेग असाच घटतो. तेव्हा डब्यावरचा आकडा वाचायचा आणि तो किती लांबीच्या नळीतून मोजलाय तेही वाचायचं.

आता ते चार प्रकार. पहिला साधा सॉफ्ट नोज, म्हणजे आत शिसं, बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच आणि टोकाला शिसं उघडं. जनावराला लागली की टोक चेपतं आणि गोळी अळंबीसारखी फुलते. फुललेली गोळी रुंद जखम करते, पण जितकी फुलते तितकी लवकर थांबते. सगळा झगडा या एका गोष्टीचा आहे. दुसरा बाँडेड, यात शिसं कवचाला आतून जोडलेलं असतं, त्यामुळे हाडावर आपटूनही दोन्ही सुटे होत नाहीत. स्विफ्ट कंपनीची ए-फ्रेम गोळी तर जोडलेलीही आहे आणि तिच्या पोटात आडवी भिंतही आहे. फुललं तर पुढचं निम्मं फुलेल, मागचं निम्मं ढकलत राहील. तिसरा अख्ख्या तांब्याचा, आत शिसं नाहीच, टोकाला पोकळी असते आणि तिच्या पाकळ्या उघडतात. बार्न्स कंपनीने १९८९मध्ये ही जात बाजारात रुजवली. चौथा सॉलिड. तो फुलतच नाही, सरळ आत घुसत जातो.

कुडूला आणि एलंडला ३०० ग्रेनची बाँडेड किंवा तांब्याची गोळी घ्यावी. एलंडचा नर नऊशे किलोपर्यंत जातो, पण ते शांत जनावर आहे. अंगावर येत नाही, फक्त खूप जाड आहे. बफेलोचं तसं नाही. तिथे रिवाज असा की पहिली गोळी बाँडेड सॉफ्ट, खाली मॅगझिनमध्ये, म्हणजे पुढच्या काडतुसांच्या कप्प्यात, सॉलिड. पहिलीच सॉलिड का नाही, हा प्रश्न भावजींना पडेलच. बफेलो कळपात उभा असतो. सॉलिड एकातून आरपार जाऊन मागच्याला लागते, मग दोन जखमी जनावरं झुडपात आणि दोन्हींचे पैसे तुमच्या खिशातून. पहिला बार बसल्यावर जनावर पाठ फिरवून पळतं. आता गोळीला मागच्या फऱ्यातून, चारा भरलेल्या पोटातून पुढे छातीपर्यंत जायचंय. हे काम फुललेल्या गोळीचं नव्हे. तिथे सॉलिड लागते.

दुकानदार सहसा सांगत नाहीत ती गोष्ट पुढची. सॉफ्ट आणि सॉलिड एकाच वजनाच्या असल्या तरी एकाच ठिकाणी लागतील असं नाही. तांब्याची गोळी, मग ती फुलणारी असो की सॉलिड, त्याच वजनात लांब होते, कारण तांबं शिशापेक्षा हलकं. नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांशी तिचं नातं बदलतं, निशाण सरकतं. भावजींनी पन्नास मीटरवर कागद लावावा, एका बैठकीत दोन्ही जातीच्या गोळ्या झाडाव्यात आणि भोकं जवळजवळ पडणारी जोडी निवडावी. कॅटलॉगमध्ये सर्वोत्तम ठरलेली गोळी त्यांच्या नळीला आवडेलच असं नाही. दुनळी घेतली असती तर मी आणखी कडक बोललो असतो. दुनळीच्या दोन्ही नळ्या ठरावीक वजनाच्या, ठरावीक वेगाच्या गोळीवर एकाच जागी मारतील अशा जोडलेल्या असतात. गोळी बदलली की डावी एकीकडे, उजवी दुसरीकडे.

आणि तीन-चार बार झाल्यावर मॅगझिनमधली खालची काडतुसं काढून बघायला सांगा. .३७५च्या धक्क्याने गोळी काडतुसात मागे दबते. नव्या काडतुसाशेजारी उभं धरलं की फरक नखाला कळतो. दबलेलं काडतूस बाजूला ठेवायचं. विमानात काडतुसं चेक-इन सामानातून, माणशी पाच किलोपर्यंत, कंपनीच्या मूळ डब्यात. सुटी पिशवी चालत नाही.

प्रश्न : मुलगा ह्यूस्टनला आहे. दक्षिण टेक्सासमध्ये त्याने .३०० विन्चेस्टर मॅग्नमने साठ पावलांवरून नीलगायीच्या नराच्या खांद्यावर गोळी मारली. जनावर पळालं, दुसऱ्या दिवशी सापडलं. आमचे व्याही म्हणतात बंदूक कमी पडली. खरं का? मुलगा ती गोळी घेऊन आला आहे, पाहिजे तर दाखवतो. (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : साहेब, तुम्ही ती दाखवलीत, म्हणून इतर वाचकांना सांगता येतं. तुम्ही गोळी टेबलावर ठेवलीत तेव्हा ती गोळी वाटत नव्हती. तांब्याचं वाकडं टरफल, कडा आत वळलेल्या, एका बाजूला शिशाचा करडा थर आणि त्यात हाडाचा बारीक पांढरा कण रुतलेला. माझ्या काट्यावर इतकं बारीक वजन होत नाही म्हणून आपण दोघं सराफाकडे गेलो. डब्यावर १८० ग्रेन लिहिलंय, म्हणजे ११.६६ ग्रॅम. काट्यावर भरलं ४.९. सराफाने विचारलं, ‘काय बे काका, हे कसलं सोनं?’ निम्म्याहून जास्त गोळी खांद्याच्या हाडावर चुरा होऊन गेली होती. काळजापर्यंत जायला उरलंच नाही काही.

तेव्हा व्याह्यांना सांगा, बंदूक कमी पडली नाही, उलट जास्त झाली. ही पातळ कवचाची, प्लास्टिकच्या टोकाची गोळी लांबच्या पल्ल्यावर, वेग उतरल्यावर, हरणाच्या बरगड्यांत सुरेख काम करते. साठ पावलांवर मॅग्नमचा वेग अजून उतरलेलाच नसतो. त्या वेगाने ती जाड कातडीवर आणि फऱ्याच्या हाडावर आपटली की फुलत नाही, फुटते. माप तेच पण जोर कमी अशी साधी .३०-०६ असती, वेग जरा कमी असता, तर हीच गोळी कदाचित टिकली असती.

हा अनुभव जुना आहे. १९४६मध्ये जॉन नोस्लर नावाचा अमेरिकन शिकारी कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसच्या मागे होता. मूस म्हणजे घोड्याएवढं सांबर म्हणा. त्याच्याकडेही जोरकस .३०० मॅग्नम होती, आणि चिखलाने माखलेल्या मूसच्या खांद्यावर त्याच्या गोळ्या वरच्यावर फुटून गेल्या. घरी येऊन त्याने दोन्ही बाजूंनी पोकळ, मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी घडवली. १९४८पासून ती पार्टिशन नावाने विकली जाते, आजही. मुलाला पुढच्या खेपेला १८० किंवा २०० ग्रेनची पार्टिशन, ए-फ्रेम किंवा अख्ख्या तांब्याची गोळी घ्यायला सांगा. तांब्याची घेतली तर फार लांबून मारू नये. सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास वेग आला की तिच्या पाकळ्या नीट उघडत नाहीत आणि ती सुईसारखी निघून जाते.

तो कॅलिफोर्नियात बदलून जाणार असल्याचंही तुम्ही म्हणालात. मग निवडीचा प्रश्नच नाही. १ जुलै २०१९पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. शिशाचे कण मारलेल्या जनावराच्या मांसात पसरतात, ते खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरायची. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांचं जे झालं, त्याच्या जवळची गोष्ट.

गंमत म्हणजे ही नीलगाय इथूनच तिकडे गेली. १९२०-३०च्या दशकांत टेक्सासातल्या किंग रँचवर सोडलेल्या जनावरांची ती प्रजा. इथे पिकात शिरली की आपण ओरडतो, आणि तिकडे तिच्यासाठी पैसे मोजतात.

प्रश्न : बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने लहान रायफलीने शेकडो हत्ती मारले म्हणे. मग या तोफा कशाला? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : हजाराच्या वर मारले, आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने. तीच ७ मिलिमीटरची, ७ बाय ५७ माउझर. पण गोळी कुठली? १७३ ग्रेनची, लांबोडकी, पूर्ण कवचाची, न फुलणारी. हत्तीचा मेंदू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाच्या आत असतो. तिथपर्यंत जायला गोळी सरळ आणि अखंड राहिली पाहिजे, जाडी दुय्यम. बेलने हत्तींची डोकी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते शिकून घेतलं होतं आणि तो थंड डोक्याने, जवळून, उभ्या जनावराला मारायचा. अंगावर धावून येणाऱ्या हत्तीचा मेंदू चुकला तरी त्याला थोपवायला ५०० ग्रेनची गोळी लागते. बेलचं उदाहरण देणारे बहुतेक लोक बेल नसतात.

प्रश्न : डिसेंबर २०२०मध्ये करमाळ्यात नरभक्षक बिबट्या मारला. बिबट्यालाही हत्तीसारखी टणक गोळी लागते का? (एक विद्यार्थिनी, करमाळा)

उत्तर : नाही बाळ, अगदी उलट. ती वनखात्याच्या परवानगीने झालेली कारवाई होती, तिच्यात काय वापरलं यावर मी बोलत नाही. आफ्रिकेत जिथे बिबट्याची परवानगीने शिकार होते तिथलं सांगतो. बिबट्या साठ-सत्तर किलोचा, कातडी पातळ, हाडं नाजूक. टणक गोळी त्याच्यातून शिवणयंत्राच्या सुईसारखी निघून जाते आणि तो जखमी होऊन उसात बसतो, मग शोधायला जाणाऱ्याचा जीव टांगणीला. त्याला चटकन फुलणारी मऊ गोळी, मध्यम वेगाची. सिंहालाही सॉफ्टच, फक्त वजनदार. पाचशे ग्रेनची सॉलिड घेऊन बिबट्याच्या मागे जाणारा माणूस मोठा शिकारी दिसतो, असतोच असं नाही.

प्रश्न : डमडम गोळीवर युद्धात बंदी आहे. मग फुलणारी गोळी शिकारीत कशी चालते? क्रूरपणा जनावराला चालतो आणि माणसाला नाही? (एक प्राध्यापक, सोलापूर)

उत्तर : सर, प्रश्न टोचणारा आहे. डमडम म्हणजे कोलकात्याजवळचा दारूगोळ्याचा कारखाना. १८९५च्या चित्रालच्या मोहिमेत ब्रिटिशांना वाटलं की .३०३ची नवी पूर्ण कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो तरी चालत राहतो. म्हणून डमडमला टोकाचं कवच कापून शिसं उघडं ठेवलेली गोळी बनली. १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या.

युद्धात समोरच्याला लढाईबाहेर काढणं पुरेसं मानलं जातं, तो जखमी होऊन इस्पितळात गेला तरी चालतं. शिकारीत जखमी जनावराला इस्पितळ नाही. तिथे ते लवकरात लवकर मरावं हाच दयेचा भाग, म्हणून इंग्लंडच्या १९९१च्या हरीण कायद्यात रायफलीला मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी सक्तीची केली आहे. शिकार करावी की नाही, हा तुमचा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझं मत विचाराल तर मला आता माळावरचं काळवीट उड्या मारतानाच बरं वाटतं. पण मारायचंच ठरलं असेल तर फुलणारी गोळी क्रूर नाही, न फुलणारी क्रूर.

प्रश्न : डुकरांनी मका झोपवला. माझ्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर आहे. कुठलं काडतूस घालू? (एक शेतकरी, बार्शी तालुका)

उत्तर : दादा, पीकसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगायचा परवाना आहे, डुक्कर मारायचा नाही. आधी वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, लेखी परवानगी. ती हातात नसताना हवेत बार काढून हाकला, बस. परवानगी आली तर एल.जी. किंवा एस.जी., म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस, तीस मीटरच्या आत. चार नंबर, सहा नंबरचे बारीक छरे पाखरांचे. त्यांनी डुक्कर मरत नाही, सुजून चिडतं आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या गड्यावर येतं. नुकसानभरपाईचा अर्जही सोबत टाका, तो बरेचजण विसरतात.

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या काळचे काडतुसांचे दोन डबे सापडले. पुठ्ठ्यावर किनॉक आणि .४७० असं छापलंय. एका डब्यातल्या गोळ्यांना टोकाला करडं शिसं दिसतं, दुसऱ्यातल्या पूर्ण चकचकीत आहेत. बंदूक कुठे गेली कुणास ठाऊक. काडतुसं चालतील का? किंमत येईल का? (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : किनॉक ही काडतुसांची जुनी ब्रिटिश कंपनी. तुमच्या आजोबांना या पानावरचं सगळं माहीत होतं. शिसं दिसणारी सॉफ्ट नोज, वाघ-सांबराला. चकचकीत ती सॉलिड, गव्याला किंवा हत्तीला. ते दोन्ही डबे शेजारी ठेवायचे याचा अर्थ ते रायफलीपेक्षा गोळीचा विचार करून निघायचे.

.४७० का, तेही आपल्या देशामुळेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५०च्या खाजगी रायफलींवर बंदी आणली. त्याच मापाच्या जुन्या लष्करी मार्टिनी रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि काडतुसांची गोळी तिकडे वापरली जाईल अशी धास्ती होती. बंदूकवाल्यांनी मग माप जरा सरकवून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी बोअरं काढली. .४७०ची गोळी ५०० ग्रेनची, वेग सेकंदाला २,१५० फूट. या सगळ्यांत तीच जास्त टिकली, आफ्रिकेतल्या शिकारीसाठी आजही नवी बनते.

चालतील का? अजिबात झाडू नका. आत कॉर्डाइट असेल, शेवयांसारख्या कांड्यांची दारू. उष्णतेने तिचा दाब वाढतो, म्हणून इकडच्या हवेसाठी काही काडतुसं मुद्दाम कमी भरणीची बनवत. तुमची काडतुसं कुठल्या भरणीची असली तरी किती उन्हाळे पत्र्याखाली भाजून निघाली आहेत? दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोप्याही मेलेल्या किंवा अर्धमेल्या असतील. अर्धमेली टोपी जास्त वाईट. चाप ओढल्यावर काही होत नाही, माणूस बंदूक उघडतो आणि तेवढ्यात ती पेटते.

आणि परवान्याशिवाय काडतुसं घरात ठेवणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आजोबांची असली तरी. माळ्यावरून खाली आणून दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवत बसू नका. ऊन न लागता, न हलवता, आधी ठाण्यात फोन करून कळवा, ते सांगतील तसं जमा करा आणि लेखी पोच घ्या. रायफल कुणा नातेवाइकाकडे निघाली तर वारसाच्या नावावर परवाना मिळवायचा अर्ज वेगळा. किंमत काडतुसांना नाही. पण किनॉकचे जुने पुठ्ठ्याचे डबे जमवणारे शौकीन आहेत, मीही त्यातलाच. ठाण्याने रिकामे डबे परत दिले तर माझ्याकडे घेऊन या, चहा माझ्याकडून.